स्वतःच्या मनानं

"भाऊजी, मी तिथं कामाला होते ना हो?"

वहिनींनी हे विचारलं तेव्हा तो त्यांच्या दारात चपला काढत होता. एक चप्पल निघाली होती, दुसरीचा पट्टा अंगठ्यात अडकला होता, आणि तो तसाच भिंतीला हात लावून एका पायावर उभा राहिला. प्रश्न इतका साधा होता की आधी त्याला हसूच आलं. नऊ वर्षं ते दोघं एकाच खोलीत, एकाच लांब टेबलाशी बसले होते. त्याच्या उजव्या हाताला भिंत आणि डाव्या हाताला वहिनी. त्यांच्या पॉलिशच्या फिरत्या चाकाचा आवाज त्याच्या डाव्या कानात इतका मुरला होता की सुटीच्या दिवशी तो कान त्याला रिकामा वाटायचा. "असं काय विचारता? कामाला नाही तर काय पाहुण्या म्हणून येत होता?" तो म्हणाला. वहिनी हसल्या नाहीत. त्या खाटेवर तीन उशांना टेकून बसल्या होत्या. आडवं झालं की श्वास पुरत नसे, म्हणून आताशा झोपायच्याही तशाच. मांडीवरचा कागद त्यांनी पुढे केला. "मग हे वाचा. तुम्हीच वाचून दाखवायचात ना आम्हाला सगळं."

कागद कामगार कार्यालयातून आला होता. वहिनींनी आजारपणाच्या भरपाईसाठी अर्ज केला होता, त्यावर लॅबचं उत्तर आलं होतं. सदर अर्जदार बाई गेली पाच वर्षं आमच्याकडे नोकरीस नव्हत्या. त्या स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या वेळेनुसार काम करणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिक होत्या. सबब भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. खाली सुनावणीची तारीख होती आणि साक्षीदार असल्यास सोबत आणावा अशी सूचना. त्यानं कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना 'स्वतःच्या मर्जीनं' या शब्दांवर त्याचा डोळा अडखळला, जसा जिभेला दाताचा तुटका कोपरा लागतो. "याल ना?" वहिनी म्हणाल्या. "तुमच्याशिवाय मी कुणाला सांगू?" तो म्हणाला, "येणारच की. हे काय विचारणं झालं?" आणि मग चहा न घेता निघाला. जिना उतरताना त्याच्या लक्षात आलं की दुसरी चप्पल त्यानं शेवटपर्यंत काढलीच नव्हती.

ती दातांची लॅब होती. शहरातले दंतवैद्य लोकांच्या तोंडांचे साचे तिथं पाठवत आणि त्यावर कॅपा, कवळ्या, धातूच्या पट्ट्या तयार होऊन परत जात. तो चिनी मातीचे दात करायचा. बारीक कुंचल्यानं थरावर थर चढवायचे, भट्टीत भाजायचे, पुन्हा चढवायचे. पंचवीस वर्षांत एक गोष्ट त्याला पक्की कळली होती, की पांढरा दात जगात कुणालाच नसतो. पिवळट असतो, राखाडी असतो, टोकाला काचेसारखा निळसर असतो, आणि हे सगळं चोरून आणावं लागतं, म्हणजे बघणाऱ्याला तो पांढरा वाटतो. हे त्याला शिकवलं वहिनींच्या नवऱ्यानं. तो त्याचा मित्र. एका सकाळी मित्र कामावर येताना बसस्टॉपवर कोसळला आणि संपला. त्या वेळी सगळे रीतसर नोकरीत होते, म्हणून वहिनींना कायद्यानं जे मिळायचं ते न मागता घरपोच मिळालं, आणि त्यावर त्यांच्या मुलीचं शिक्षण झालं. लॅबच्या म्हाताऱ्या मालकांनी वहिनींना कामावरही घेतलं. मधे शब्द टाकला होता त्यानंच. वहिनी धातूच्या पट्ट्यांना पॉलिश करायला शिकल्या. फिरत्या चाकावर पट्टी धरायची, ठिणग्या उडायच्या, करडी धूळ उडायची आणि टेबलाखालच्या मोठ्या नळातून ती धूळ ओढली जायची. संध्याकाळी वहिनी पट्टी उजेडात धरून तिच्यात स्वतःचा डोळा बघायच्या आणि म्हणायच्या, "झाली बाई एकदाची आरशासारखी. आता जा कुणाच्या तरी तोंडात."

घरी बायकोला त्यानं कागदाचं सांगितलं. ती शाळेच्या ग्रंथालयात काम करायची, तिथून आणलेल्या फाटक्या पुस्तकांना चिकटपट्टी लावत बसली होती. "मी तेव्हाच म्हटलं होतं," ती म्हणाली. तेवढंच. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर माणूस पुढचं वाक्य बोलत नाही, ते समोरच्याला आपोआप ऐकू येतं. ती तेव्हा, लॅबच्या नव्या करारावर त्यानं सही करण्याआधी, म्हणाली होती, अरे, लोक रजा-भरपाईसारख्या गोष्टी मिळवायला रस्त्यावर बसले होते, आणि तू त्या सहीनिशी परत करणार? तो चिडला होता. "तुला नाही कळायचं. तू माझ्या बाबांना पाहिलंयस कुठं," असं म्हणाला होता.

बाबा. बाबा चौतीस वर्षं एका सरकारी गोदामात वजनाच्या काट्यापाशी बसले. नोकरी पक्की, सगळं कायद्यानं बांधलेलं, कुणी हात लावू शकत नव्हतं. आणि तरी त्याला आठवतात ते रजेचा अर्ज लिहिणारे बाबा. ताप चढलेला, डोक्यावर ओला रुमाल, आणि उशीला पाट टेकवून ते लिहितायत, 'महोदय, कृपा करून'. लहानपणी त्याला वाटायचं की कृपा करून हे कुणा माणसाचंच नाव आहे. निवृत्त झाल्यावर तर आणखी वाईट. संध्याकाळी फिरायला निघताना बाबा दाराशी थांबायचे आणि आईला विचारायचे, "जाऊ का?" आई म्हणायची, "अहो, जा ना, मला काय विचारता?" तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याला शरमेनं घेरी यायची. आपण मरेपर्यंत कुणाला 'जाऊ का' विचारायचं नाही, असं त्यानं सोळाव्या वर्षी ठरवलं, आणि पुढं वीस वर्षं रोज सकाळी आठला यंत्रात कार्ड सरकवून खट्ट असा आवाज ऐकला.

मग म्हाताऱ्या मालकांनी अंथरूण धरलं आणि लॅब त्यांच्या जावयाच्या हाती आली. तोंडावर सगळे त्याला सर म्हणत, पाठीमागं जावईबापू. एके दिवशी जावयानं त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि बसा म्हटलं. त्या केबिनमध्ये तो आजवर कधी बसला नव्हता. गुळगुळीत पांढऱ्या कपात चहा आला. "मी तुम्हाला कामगार समजतच नाही," जावई म्हणाला. "तुमचे दात मी बाहेर दाखवतो, लोकांना खरे वाटतात. अशा माणसानं कार्ड सरकवायचं? मला लाज वाटते हो." मग त्यानं योजना सांगितली. यापुढे कुणी कुणाचा नोकर नाही. प्रत्येक जण स्वतःचा मालक. हवं तेव्हा या, हवं तेव्हा जा, पाहिजे तर दुसऱ्या लॅबचं काम करा. फक्त ते नोकरीचं जुनं लटांबर सोडून द्यायचं, भरपगारी रजा, आजारपण, भरपाई, काढण्याआधीची नोटीस. "कायदा म्हणजे कुबडी. ज्याला चालता येतं त्यानं काखेत कशाला धरायची?" आणि शेवटी, उठता उठता, "तेवढं बाकीच्यांना समजवा. माझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना वाटेल यात काहीतरी काळंबेरं आहे. तुमचं ऐकतात ते. तुमच्यासारखं वाचणारं कोण आहे इथं?" पाच वर्षं झाली, पण ती दुपार आठवली की अजूनही त्याच्या मानेमागं ऊब यायची. कुणीतरी आपल्याला ओळखलं, असं आयुष्यात एकदाच वाटतं, आणि ते कुणी वाटायला लावलं याचा हिशेब माणूस मागत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत त्यानं अकरा जणांना तो करार वाचून दाखवला. प्रत्येक कलमाचा अर्थ सोप्या भाषेत सांगितला. आपण चांगलं बोलतोय हे बोलताबोलता त्याला जाणवत होतं. लोक डबे पुढ्यात ठेवून ऐकत होते. कवळ्या करणारा एक जण म्हणाला, "म्हणजे आता आजारी पडायचं असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर." सगळे हसले, तोही हसला. वहिनींनी डब्याचं झाकण लावलं, उठून त्याच्याजवळ आल्या आणि हळूच विचारलं, "भाऊजी, मी करू सही?" मुलगी तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. तो म्हणाला, "बेलाशक करा. कुणाचं मिंधं राहायला नको. उद्या मुलीकडं जावंसं वाटलं तर कुणापुढं हात जोडावे लागणार नाहीत." वहिनींनी त्याच्याच पेनानं सही केली. त्यांची सही म्हणजे नाव, पूर्ण, शाळेतल्यासारखं, एकेक अक्षर सुटं.

आणि ते सगळं खोटं नव्हतं, हेच तर दुखणं होतं. पहिले काही महिने त्याला खरंच ते मिळालं होतं. एका मंगळवारी दुपारी अडीचला त्याचं काम संपलं, त्यानं दिवा विझवला, उठला आणि चालू लागला. कुणी काही विचारलं नाही. तो रस्त्यावर आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपलं शहर मंगळवारी दुपारी तीन वाजता पाहिलं. इतक्या वर्षांत हे शहर तीन वाजता काय करतं हे त्याला माहीतच नव्हतं. उन्हं भिंतींवरून निम्मी उतरलेली. एक बाई गॅलरीत ओल्या केसांनी उभी. सलूनवाला स्वतःच्याच खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेला. बागेत म्हातारे एकमेकांशी न बोलता बसलेले, जणू वाट बघण्याचीच त्यांची नोकरी. तो एका बाकावर बसला आणि त्याच्या छातीत काहीतरी इतकं हलकं झालं की त्याला भीती वाटली. हे बाबांना कधी मिळालं नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि डोळे भरून आले. पुढं तो आठवड्यातून दोनतीनदा तरी त्या बाकावर जाऊ लागला. त्या बाकासाठी आपण काहीही दिलं असतं असं त्याला वाटायचं. दिलंही होतंच.

नियम नंतर आले. ते नियम म्हणून आले नाहीत. त्यांना कागद नव्हता, सही नव्हती. हवं तेव्हा या, हे कायम होतं, पण कामाचे ट्रे सव्वाआठला वाटले जायचे आणि उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला उरलेलं, किचकट, कमी दराचं काम. मग सगळे आठलाच येऊ लागले, कार्ड न सरकवता. दुसऱ्या लॅबचं काम करायला मुभा होती, पण ज्यानं केलं त्याचा ट्रे हळूहळू हलका होत गेला, आणि एके दिवशी त्याच्या जागी दुसराच माणूस बसलेला दिसला. त्याला काढलं नव्हतं. नोकरच नाही तर काढणार कशाला? मग धूळ ओढणारा तो मोठा नळ बंद झाला. जावई म्हणाला, प्रत्येकाची जागा आता ज्याची त्याची, ज्याला हवं त्यानं स्वतःचं छोटं मशीन घ्यावं, नाहीतर लॅबकडून भाड्यानं घ्यावं. त्यानं घेतलं. मातीच्या दाताला धूळ चालत नाही, डाग पडतो. वहिनींनी घेतलं नाही. "तेवढ्यात मुलीच्या पहिल्या बाळंतपणाचं सामान होईल," असं म्हणून त्यांनी नाकाला ओढणीचा तुकडा बांधला. संध्याकाळी तो तुकडा झटकायच्या तेव्हा करडी रेघ हवेत उभी राहायची. तो ती रेघ रोज बघायचा. बघायचा आणि आपल्या मशीनचं तोंड आपल्या दाताकडे वळवून घ्यायचा. 'तुम्हीही घ्या ना मशीन' असं तो एकदोनदा म्हणाला. 'हा नळ त्यांनीच चालू ठेवायला हवा' असं मात्र तो म्हणाला नाही, कारण तसं म्हणायचं म्हणजे आपण नोकर आहोत असं म्हणायचं.

खोकला आधी सकाळचा होता, मग दिवसभराचा झाला. मग वहिनी जिन्यात चौथ्या पायरीवर थांबू लागल्या. मागून येणाऱ्याला म्हणायच्या, "जा पुढं, मी जरा पायऱ्या मोजतेय." डॉक्टरनं छातीचा फोटो काढला आणि सांगितलं, फुप्फुसात धूळ बसलीय, निघायची नाही, वाढू नये एवढंच बघायचं. त्या कामावर यायच्या बंद झाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या जागेवर नवीन मुलगी बसली. तिनंही नाकाला रुमाल बांधला होता.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी जावई घरी आला. पाच वर्षांत पहिल्यांदा. बायकोनं खुर्चीवरची पुस्तकं उचलली आणि तो बसला. धमकी वगैरे काही नाही. घर छान आहे म्हणाला, बायकोला ग्रंथालयाचं विचारलं, वहिनींच्या तब्येतीचं विचारलं आणि खरंच हळहळला. "माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही नाही हो. पण आज यांचं मान्य केलं तर उद्या बाकीचेही येतील, मग लॅबला टाळं. तुम्ही उद्या तुम्हाला वाटेल ते सांगा. मी कोण तुम्हाला सांगणारा? तुम्ही स्वतंत्र आहात." दार लावून बायको परत आली. "काय सांगणार आहेस?" तिनं विचारलं. "खरं तेच," तो म्हणाला. "ट्रे गेले तर गेले. माझा पगार आहे. तेवढ्यासाठी घाबरू नकोस," ती म्हणाली. तो घाबरला नव्हता. हे त्याला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, की आपण अजिबात घाबरलो नव्हतो. निदान घाबरलो असतो तरी बरं झालं असतं.

कामगार कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. वहिनींना वर न्यायला वीस मिनिटं लागली. त्यांनी चांगली साडी नेसली होती, केस घट्ट बांधले होते आणि हातात डॉक्टरच्या कागदांची पिशवी होती. खोली लहान, एका भिंतीला छतापर्यंत फायली. अधिकारी बाई पन्नाशीच्या, आवाज बसलेला, दर चार वाक्यांनी कोमट पाण्याचा घोट घेत होत्या. जावई कोपऱ्यात शांत बसला होता. त्याचा वकील तरुण होता, वहिनींना त्यानं उठून खुर्ची दिली. सुरुवात चांगली झाली. अधिकारी बाईंनी विचारलं, कामाची वेळ कोण ठरवायचं? त्यानं सव्वाआठच्या ट्रेंचं सांगितलं. नळ कुणी बंद केला? तेही सांगितलं. दुसरीकडं काम करणाऱ्याचं काय झालं? तेही सांगितलं. अधिकारी बाई लिहून घेत होत्या आणि मधूनच मान हलवत होत्या. वहिनींनी पिशवीवरची पकड थोडी सैल केली. त्याला स्वतःचा आवाज आवडायला लागला होता, जेवणाच्या सुटीत करार वाचताना आवडला होता तसाच.

मग वकिलानं फाइलमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. वहीतलं पान, कडेला टाचणीची भोकं, आणि त्यावर त्याचं स्वतःचं अक्षर. करार वाचून दाखवल्यावर त्यानंच हे लिहून फलकावर लावलं होतं, ज्यांना पुन्हा वाचायचं असेल त्यांच्यासाठी. तो ते साफ विसरला होता. कुणीतरी ते काढून पाच वर्षं जपून ठेवलं होतं. 'याचा साधा अर्थ असा, की आजपासून आपण कुणाचे नोकर नाही. काही गोष्टी सोडाव्या लागतील, पण त्या बदल्यात आपण आपले. नीट विचार करूनच सही करावी.' खाली सही. वकील म्हणाला, "मॅडम, लोकांना फसवलं असं म्हणणं आहे. इथं तर त्यांच्यातल्याच एका शहाण्या माणसानं सगळं उलगडून सांगितलंय. काय सोडतोय तेही सांगितलंय."

अधिकारी बाईंनी पान वाचलं, पाण्याचा घोट घेतला आणि त्याच्याकडे वळल्या. "हे तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून लिहिलंत? नीट आठवून सांगा. व्यवस्थापनानं तुम्हाला तसं सांगितलं असेल, तर तो त्यांचाच शब्द धरला जाईल, आणि मग या बाईंच्या सहीला संमती म्हणता येणार नाही. अर्ज उभा राहील. तुम्ही आपण होऊन लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. घाई नाही." खोलीत पंखा फिरत होता. त्याला ती केबिन दिसली, पांढरा कप दिसला, 'तुमचं ऐकतात ते' हे ऐकू आलं. एक शब्द होता, 'हो'. खरा होता. तेवढ्यात वकील, कदाचित मुद्दाम, कदाचित सहज, हसून म्हणाला, "म्हणजे आपण सरांचे निरोप्ये होता का?" कोपऱ्यात जावयानं मान खाली घातली. अधिकारी बाईंनी वकिलाला गप्प केलं, पण तो शब्द त्याच्या कानात शिरला होता. निरोप्या. केबिनमधला तो चहा, ती ऊब, अकरा जणांसमोरचं बोलणं, मंगळवारची दुपार, सगळं त्या एका शब्दात गोळा होऊन त्याच्यासमोर आलं, कुणीतरी हात धरून करून घेतल्यासारखं. उशीला पाट टेकवून लिहिणारे बाबा आठवले. त्याला वाटलं, आपण आता 'हो' म्हटलं तर या खोलीतून बाहेर पडणारा माणूस कुणीच नसेल.

"नाही," तो म्हणाला. "मला कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वतःच्या मनानं लिहिलं."

अधिकारी बाईंनी क्षणभर पेन धरून ठेवलं, पुन्हा विचारलं, "नक्की?" तो म्हणाला, "नक्की." पाठ ताठ होती त्याची. बाईंनी लिहून घेतलं. वहिनींकडे त्यानं बघितलं नाही, पण पिशवी त्यांनी पुन्हा घट्ट धरल्याचा, प्लास्टिकचा, आवाज त्याला आला. त्यानंतर फारसं काही उरलं नव्हतं. जिना उतरताना वहिनी त्याच्या हातावर हात ठेवून एकेक पायरी उतरत होत्या, आणि हाताचं वजन आधीइतकंच होतं, कमी नाही, जास्त नाही. खाली आल्यावर त्या म्हणाल्या, "रिक्षा बघता का?" त्यानं बघितली. त्यांना बसवलं. "मी येतो सोडायला," तो म्हणाला. "नको. तुमचा कामाचा दिवस बुडायचा," त्या म्हणाल्या, आणि त्यात टोमणा होता की नाही हे त्याला कळलं नाही.

महिन्यानं निकाल आला. अर्ज फेटाळला. त्यात त्याच्या साक्षीचा उल्लेख होता, 'प्रामाणिक साक्षीदार' असा. तो चार दिवस वहिनींकडे गेला नाही, पाचव्या दिवशी गेला. वहिनी मुलीकडे राहायला निघाल्या होत्या, दुसऱ्या शहरात. खोली सोडायची होती. मुलगी आतल्या बाजूला भांडी बांधत होती, ती बाहेर आलीच नाही. वहिनींच्या नाकात आता बारीक नळी होती आणि खाटेशेजारी हवेचं यंत्र सुस्कारे टाकत होतं. तो काहीतरी बोलू लागला, वरच्या कार्यालयात अपील करता येईल, त्याला एक वकील माहीत आहे. त्यांनी हात वर केला.

"भाऊजी, एक विचारू? रागावू नका."

"विचारा ना."

"त्या दिवशी तुम्ही केबिनमधून आलात ना, करार वाचलात त्याच्या आदल्या दिवशी, तेव्हा तुमच्या हातात तिथला कप तसाच होता. ठेवायचा विसरला होता तुम्ही. मी म्हटलं सुद्धा, अहो, कप. आठवतं?" त्या थांबल्या, श्वास घेतला. "मला वाटलं होतं, तुम्ही तेवढं सांगाल. तिथं जास्त काही बोलावं लागतच नव्हतं."

"लाज वाटली मला," तो म्हणाला. त्याला वाटलं होतं, हे म्हटल्यावर काहीतरी सुटेल, कुणीतरी रडेल. वहिनींनी नुसती मान हलवली, एखाद्यानं पत्ता सांगावा आणि आपण तो लक्षात ठेवावा तशी. "मला वाटलं भीती वाटली," त्या म्हणाल्या. "भीतीचं मी समजून घेतलं असतं." मग मुलीला हाक मारून म्हणाल्या, "अगं, यांना पाणी दे." मुलीनं पाणी आणून दिलं, त्याच्याकडे न बघता. तो प्यायला. पितानाचा घुटका फार मोठ्यानं ऐकू आला.

त्या रविवारी त्यानं राजीनामा लिहिला. बायको म्हणाली, "आता?" तो म्हणाला, "आता तरी." तीन खर्डे केले. पहिला लांब होता, त्यात वहिनी होत्या, नळ होता, पांढरा कप होता. दुसरा रागाचा. तिसरा चार ओळींचा, शुद्ध, आणि त्यात कृपा करून हे शब्द येऊ नयेत याची त्यानं काळजी घेतली होती. सोमवारी आठ वाजता तो केबिनमध्ये गेला आणि न बसता कागद पुढं केला. जावयानं वाचला. पुन्हा वाचला, मग गोंधळून वर बघितलं. त्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता, हे त्याला स्पष्ट दिसलं.

"राजीनामा? अहो, राजीनामा नोकर देतो. तुम्ही आमचे नोकर कुठं होता?" जावयानं कागद अलगद परत त्याच्या हातात दिला. "हा मी लावू कुठल्या फायलीला? नसेल यायचं तर नका येऊ. मला सांगायची सुद्धा गरज नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

कागद हातात घेऊन तो बाहेर आला. सव्वाआठ झाले होते. ट्रे वाटणारा माणूस टेबलावरून पुढं सरकत होता आणि त्याच्या जागेवर एक ट्रे येऊन पडलाही होता, भरलेला, पहिल्या प्रतीच्या कामाचा. समोरचा वरचा दात, कुणा तरुण बाईचा, चिठ्ठीवर दंतवैद्यानं लिहिलं होतं, शेजारच्याशी जुळवावा. तो दारात उभा राहिला. डावीकडं जिना होता, उजवीकडं टेबल. त्याला कुणी थांबवणार नव्हतं. कुणी बोलावणारही नव्हतं. दोन्हीकडं सारखंच मोकळं होतं, आणि तो उभा होता, कुणीतरी काहीतरी म्हणावं याची वाट बघत. आपण वाट बघतोय हे त्याच्या ध्यानात आलं.

"जरा बाजूला व्हा हो, वाटेत काय उभे राहिलात?" मागून प्लास्टरची पोती घेऊन येणारा हमाल म्हणाला.

तो चटकन उजवीकडं सरकला. सरकलाच होता, म्हणून स्टूल ओढलं, बसला, आणि दिवा लावला.